संत्र्याच्या कंपनीला हवं ते डॉट कॉम दुसऱ्याच्याच नावावर आहे, काय करावं?

आंबिया बहार · ४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचनमात्र असतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव वरुड तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या बागायतदारांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली. मी संचालक वगैरे नाही, ऑफिसात बसणारा माणूस: पावत्या, हिशेब, ट्रकवाल्यांचे फोन. आजवर आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला ठोक्यात जायचा. यंदा थोडा माल खोक्यात भरून नागपूर-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पाठवायचं ठरलंय. खोक्यावर कंपनीचं नाव, क्यूआर आणि वेबसाइट छापायची आहे.

नाव अगदी साधं सुचलं होतं. गावाचं नाव, त्याला जोडून संत्रा, पुढे डॉट कॉम. घ्यायला गेलो तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं. उघडलं की अर्धं पान जाहिराती आणि वर 'हे नाव विक्रीस असू शकते' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. शोधल्यावर एवढंच कळलं की नोंदणी डिसेंबर २०११ ची आहे आणि मुदत ११ डिसेंबर २०२५ ला संपते. मालकाचं नाव झाकलेलं.

तीन महिने थांबलो तर आपोआप मिळेल का? विकत घ्यायचं तर भाव काय बोलावा? एक संचालक म्हणतात, गाव आपलं, संत्रा आपला, मग नाव त्याचं कसं, केस टाका. खोक्यांची ऑर्डर दसऱ्याच्या आसपास द्यावी लागेल.

सावजी तर्री · ४ सप्टेंबर

सगळ्यात आधी एक उपकार करा. ते नाव इथे किंवा फेसबुकवर कुठेही लिहू नका. का ते पुढे कळेलच.

मालकाचं नाव झाकलेलं असणं आता नेहमीचंच आहे. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून बहुतेक रजिस्ट्रार, म्हणजे ही नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्या, मालकाचं नाव, पत्ता, फोन दाखवत नाहीत. त्याआधी हूइज नावाच्या जाहीर नोंदवहीत सगळं उघडं असायचं. आता तर हूइजची सक्तीही जानेवारी २०२५ मध्ये संपली, त्याजागी आरडॅप ही नवी पद्धत आलीय. नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की तेच दिसतं. त्यात मालक दिसला नाही तरी रजिस्ट्रार कोण ते दिसतं आणि मालकाला निरोप पाठवायचा एखादा फॉर्म किंवा खरा पत्ता न दाखवता निरोप पुढे पाठवणारा ईमेल असतो. निरोप पोचेल याची हमी नाही, पण पाठवा. आणि 'स्टेटस'समोर काय लिहिलंय तेवढं इथे कळवा.

धुऱ्यावरची बाभूळ · ४ सप्टेंबर

काय भाऊ, संत्रा विकाले वेबसाइट कायले पायजे? माया पोट्टा व्हाट्सअ‍ॅपवर फोटो टाकते अन् पेट्या जाते. ज्याले संत्रा खायचा हाये थो फोन करते. डॉट कॉम खात नाइ कोनी.

आंबिया बहार · ५ सप्टेंबर

@सावजी तर्री, स्टेटसमध्ये फक्त 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असं आहे.

@बाभूळ, काका, तुमचं खरं आहे, आमचेही निम्मे खोके व्हाट्सअ‍ॅपवरच जातील. पण मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी पहिल्यांदा विचारतो ते 'तुमची साइट आहे का'.

सावजी तर्री · ५ सप्टेंबर

मग नाव जिवंत आहे, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलू नये म्हणून साधं कुलूप लावलेलं आहे. हे बहुतेक नावांना असतं, घाबरू नका.

थांबण्याबद्दल. मुदत संपली की नाव त्याच दिवशी मोकळं होतं हा मोठा गैरसमज. डॉट कॉमचं असं चालतं: मुदत संपल्यावर रजिस्ट्रार ते जास्तीत जास्त ४५ दिवस स्वतःकडे ठेवू शकतो. या काळात जुना मालक बहुधा नेहमीच्याच पैशात ते परत चालू करतो. त्यानंतर ३० दिवस 'रिडेम्प्शन'. तेव्हाही ते मालकालाच मिळतं, पण वर दंड भरून. मग ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', या दिवसांत कुणालाच हात लावता येत नाही. त्यानंतर ते खुलं होतं. म्हणजे ११ डिसेंबरचं नाव खऱ्या अर्थाने मोकळं व्हायला फेब्रुवारीचा शेवट उजाडू शकतो. तोवर तुमच्या आंबिया बहाराची तोड संपून मृग बहाराची सुरू झालेली असेल.

तेही ते खुलं होईपर्यंत पोचलं तर. अनेक रजिस्ट्रार पहिल्या ४५ दिवसांतच अशा नावांचा लिलाव लावतात. आणि खुलं झालं त्या क्षणी उचलायला मशिनं टपलेली असतात. तुम्ही पैसे भरून 'बॅकऑर्डर', म्हणजे नाव सुटताच आमच्यासाठी उचला अशी आगाऊ मागणी, लावू शकता, पण ती रांगेतली जागा आहे, पावती नाही.

नावांचा अडत्या · ६ सप्टेंबर

मी अकोल्याचा. नोकरी वेगळी, पण नावं घेऊन ठेवणं आणि विकणं हा माझा दहा वर्षांचा जोडधंदा आहे. शिव्या द्यायच्या आधी ऐकून घ्या.

नावांचा बाजार प्लॉटच्या बाजारासारखा आहे. हायवेला लागून कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे एक शब्दाचं डॉट कॉम. 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं. अशा बातम्या वाचून लोकांना वाटतं प्रत्येक नाव म्हणजे सोनं. तुमचं नाव म्हणजे पांदणीच्या आतलं वावर. त्याला गिऱ्हाईक किती? तुमच्या गावचे संत्रेवाले, म्हणजे तुम्ही एकटे. नेमबायोसारख्या साइटवर जुने सौदे दिसतात, तिथे गावाचं नाव अधिक फळ असल्या नावांचे सौदे शोधून बघा, हाताला काही लागणार नाही. ही तुमची ताकद आहे.

कमजोरी एकच, घाई. विकणाऱ्याला कळलं की खोके छापायचे आहेत आणि दसऱ्याची तारीख आहे, तर भाव तिथेच दुप्पट. त्यामुळे पहिल्या निरोपात कंपनी, सोसायट्या, खोके यातलं काही नको. कंपनीच्या ईमेलवरूनही लिहू नका. 'हे नाव वापरात दिसत नाही, विकायचं असेल तर कळवा, छोट्या कामासाठी हवं आहे.' संपलं. आकडा आधी त्यालाच सांगू द्या. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, रोज नाही.

आणि ती 'विक्रीस असू शकते' ओळ मनावर घेऊ नका. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बंद पडलेल्या नावावर रजिस्ट्रार स्वतःच जाहिरातींचं पान लावतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो कधी कधी.

कलमबहाद्दर · ६ सप्टेंबर

केसवाल्या संचालकांसाठी चार ओळी.

डॉट कॉमसाठी नावांचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची युडीआरपी नावाची पद्धत आहे, १९९९ पासून. जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) अर्ज केला तर एका नावापासून पाच नावांपर्यंत आणि एकच पंच असेल तर फी १५०० डॉलर, वकील वेगळा. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही: नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. आता बघा. त्याची नोंदणी २०११ ची, तुमची कंपनी दोन वर्षांची. जी कंपनी जन्मालाच आली नव्हती तिला लुबाडायचा हेतू त्याच्या मनात कुठून येणार? गावाचं नाव कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ते त्या पट्ट्यातल्या सगळ्या उत्पादकांचं, एका कंपनीचं नव्हे. शिवाय उगाच केस टाकली तर पंच उलट तुमच्यावरच 'नाव बळकावण्याचा प्रयत्न' असा शेरा मारू शकतात.

आपल्याकडे सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही, म्हणजे साइटच्या पत्त्यालाही, व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं असं सांगितलं. पण ते ज्याने आधी लौकिक कमावला त्याच्यासाठी. इथे आधी आलेला तो आहे.

अमेरिकेत उझी निसान नावाचे गृहस्थ होते. आडनावच निसान. त्यांनी १९९४ मध्ये आपल्या कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी निसान डॉट कॉम घेतलं. मोटार कंपनीने १९९९ मध्ये कोर्टात खेचलं, वर्षानुवर्षं लढाई चालली, नाव त्यांच्याकडेच राहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, तुम्ही तर खोक्याचे पैसे मोजताय.

केसचे पैसे वाचवून त्यातून स्वतःच्या कंपनीच्या नावाचा ट्रेडमार्क टाका. ताजी फळं वर्ग ३१ मध्ये येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४५०० रुपये.

मोहफूल · ७ सप्टेंबर

मी गडचिरोलीकडची. आमच्या बचत गटाची हळद-लोणची आम्ही डॉट इनवर विकतो. डॉट कॉम आम्हालाही मिळालं नव्हतं, दोन दिवस वाईट वाटलं, मग कुणालाच आठवण राहिली नाही. गिऱ्हाईक क्यूआर मारतं, पत्ता टाइप करतंय कोण? तुमचं नाव डॉट इनमध्ये मोकळं आहे का ते आजच बघा आणि घेऊन टाका. डॉट कॉमचं बोलणं करायच्या आधीच, नाहीतर तोच माणूस तेही घेऊन बसेल.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. आम्ही हौसेने घेतलं होतं. दिसायला सुंदर, पण काही ठिकाणी लिंक 'एक्सएन' ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसायची आणि लोकांना ती फसवणूक वाटायची. त्या पत्त्यावरचा ईमेलही प्रत्येक ठिकाणी चालत नव्हता. मुख्य पत्ता म्हणून नको.

आंबिया बहार · ७ सप्टेंबर

मोहफूल ताई, धन्यवाद! डॉट इन मोकळं होतं, घेतलं. अडत्या भाऊंच्या सांगण्यावरून रजिस्ट्रारच्या फॉर्ममधून निरोपही टाकला.

आंबिया बहार · १९ सप्टेंबर

मंडळी, गोंधळ झालाय. आमच्या एका उत्साही सभासदाने तालुक्याच्या फेसबुक ग्रुपवर ते नाव टाकून लिहिलं, 'हे नाव कोणाकडे आहे, आमच्या कंपनीला तातडीने पाहिजे, दसऱ्याआधी.' तिसऱ्या दिवशी ईमेल. 'मी मालक. १ लाख २० हजार. दुसरी पार्टी उद्या पैसे देत आहे. नाव अडवून ठेवायला ४० हजार यूपीआयने टाका.' सोबत मालकीचं 'प्रमाणपत्र', वर सोनेरी शिक्का. अध्यक्ष म्हणतात देऊन मोकळे होऊ. मी दोन दिवस मागून घेतले आहेत.

सावजी तर्री · १९ सप्टेंबर

मी म्हटलं होतं ना, कळेलच.

डोमेनला मालकीचं प्रमाणपत्र वगैरे नसतं. तो कागद कुणी पण करतो. मालक ओळखायची पद्धत सोपी आहे. त्याला एक विचित्र ओळ द्या, समजा 'पिवळा बैल सत्तावीस', आणि सांगा की ही ओळ डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव कुठे पोचतं ते सांगणाऱ्या नोंदींत, टीएक्सटी (साध्या मजकुराचा) रेकॉर्ड म्हणून टाक. ज्याच्या हातात खातं आहे त्याला हे काही मिनिटांचं काम. टाकली की तुम्ही कुठूनही तपासू शकता, फुकट साधनं आहेत. डीएनएस येत नसेल तर निदान त्या साइटच्या पानावर ती ओळ दाखव म्हणा. दोन्ही जमत नसेल तर तो मालक नाही. पैसे, आधार, पॅन, काही पाठवू नका.

पांढरं सोनं · १९ सप्टेंबर

यवतमाळहून. माझ्या आतेभावाचे ३५ हजार असेच गेले. त्याच्या बाबतीत तर विकणारा खरा मालक होता! पैसे घेतले, नाव हलवायचा कोड पाठवतो म्हणाला, आणि फोन बंद. नाव अजून त्याच्याच खात्यात आहे. पोलिसात गेलो तर तिथल्या साहेबांना डोमेन म्हणजे काय तेच समजावण्यात दुपार गेली. यूपीआयने एकरकमी पैसे देणं म्हणजे सात-बारा न बघता, फेरफार न करता वावराचे पैसे देणं.

नावांचा अडत्या · २० सप्टेंबर

फेरफार हा शब्द बरोबर. ऑथ कोड म्हणजे फेरफाराचा अर्ज समजा. तो कोड दिल्याशिवाय नाव एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे जात नाही. आणि फेरफार झाला तरच जमीन तुमची.

मोठ्या रकमेचा सौदा असेल तर एस्क्रो वापरतात. पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, नाव आपल्या खात्यात आलं की आपण होकार द्यायचा, मगच ते विकणाऱ्याला जातात. एस्क्रो डॉट कॉम यात जुनं आहे, सेडो आणि आफ्टरनिकसारखे बाजारही मध्ये राहतात. पण सावध, ठग लोक खोट्या एस्क्रोच्या साइट काढतात. पत्ता स्वतः टाइप करा, त्याने पाठवलेली लिंक दाबू नका.

विकणाऱ्यांनाही एक खास ठग भेटतो. गिऱ्हाईक बनून येतो आणि म्हणतो, घेतो, पण आधी अमुक ठिकाणाहून नावाचं मूल्यांकन करून आण. ते अमुक ठिकाण त्याचंच. मी सुरुवातीला एकदा गेलोय यात.

धुऱ्यावरची बाभूळ · २० सप्टेंबर

सोनेरी शिक्का पाहून लोक कर्जमाफीचे फारम भरते, डोमेन काय चीज हाये.

आंबिया बहार · २४ सप्टेंबर

त्याला ओळ पाठवली. पहिलं उत्तर: सर्व्हर डाउन आहे. दुसरं: टेक्निकल टीम दसऱ्याच्या सुट्टीवर. तिसऱ्यांदा विचारलं तर २० हजारांवर उतरला. मग ब्लॉक केलं. अध्यक्षांनी हा धागा वाचला, आता मला ऑफिसात चहा मिळतो.

पण मूळ प्रश्न तिथेच. खऱ्या मालकाकडून उत्तर नाही.

लोणारची खारी · २४ सप्टेंबर

मी बुलढाण्यात साइट बनवण्याचं काम करते. कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते: वेबॅक मशीनवर ते नाव टाकून पाहिलंत का? इंटरनेट अर्काइव्ह जुन्या पानांच्या प्रती ठेवतं. २०११ मध्ये कुणीतरी ते नाव घेतलं, तर काहीतरी लावलंही असेल. नाव आधी घाणेरड्या कामासाठी वापरलं गेलं होतं का, तेही तिथेच कळतं. वापरलं असेल तर फुकटही घेऊ नका, गूगल आणि ईमेलवाले जुना राग धरतात.

आंबिया बहार · २४ सप्टेंबर, रात्री

खारी ताई, तुम्हाला एक पेटी संत्रा नक्की.

२०१३ ची प्रत उघडली आणि मी हसतच सुटलो. आमच्याच गावाची साइट! पिवळ्या अक्षरात गावाचं नाव, पोळ्याला तोरणाखाली उभ्या बैलजोड्यांचे फोटो, संत्र्यावरच्या कोळशी रोगाबद्दल कुठूनतरी उतरवलेला लेख, 'आमच्या गावाचा संत्रा जगात पोचवू' अशी ओळ. खाली मोबाइल नंबर आणि आडनाव. आडनाव आमच्या मागच्या आळीतलं. ते कुटुंब गावात नाही आता, मुलगा हैदराबादला नोकरीला असतो एवढं सगळ्यांना माहीत.

आम्ही ज्याला तीन आठवडे नावं अडवणारा चोर म्हणत होतो तो आपल्याच मातीतला निघाला. नंबर बंद आहे, पण त्याच्या चुलत्याकडून नवा मिळेल.

नावांचा अडत्या · २५ सप्टेंबर

आता माझे सगळे सल्ले केराच्या टोपलीत टाका. ओळखीचा माणूस निघाला की 'छोट्या कामासाठी हवं आहे' हे खोटं बोलायचं नाही. सरळ फोन, सरळ सांगणं. फक्त फुकट मागू नका. गाववाले म्हणून फुकट मागितलं की माणूस दुखावतो, मग भाव वाढतो तो रागाचा.

आंबिया बहार · ३ ऑक्टोबर

दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून त्यांच्या चुलत्याकडे गेलो, तिथूनच फोन लावला. पहिला प्रश्न 'कोनाचा गा तू?' मी वडिलांचं नाव सांगितलं. मग वीस मिनिटं वडिलांची तब्येत, आटलेली विहीर, कोणाची बाग वाळली, कोण गेलं. डोमेन शेवटच्या पाच मिनिटांत.

दादांनी २०११ मध्ये कॉलेज संपल्यावर ती साइट केली होती. गावात कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१५ मध्ये पगार वाढला तेव्हा एकदम दहा वर्षांचे पैसे भरून टाकले आणि नोकरीच्या रगाड्यात विसरून गेले. होस्टिंग बंद पडलं, जाहिरातींचं पान कधी आलं त्यांना माहीतही नाही. आमचा फॉर्ममधला निरोप जुन्या कंपनीच्या ईमेलवर गेला. ती नोकरी २०१८ लाच सुटलेली.

म्हणाले, एवढ्या वर्षांचे भरले तेवढे द्या, पंधरा हजार धरू. आणि एक अट: पोळ्याच्या फोटोंचं ते पान साइटवर कुठेतरी ठेवायचं. संचालक मंडळात अर्धा तास वाद झाला. केसवाले संचालक म्हणाले, गावचा पोरगा, पैसे कसले मागतो. शेवटी ठराव झाला.

धुऱ्यावरची बाभूळ · ३ ऑक्टोबर

बरोबर मागतले पैसे. चौदा वर्ष धुरा त्यानं राखला, अन् तुमाले वावर फुकट पायजे?

लोणारची खारी · ४ ऑक्टोबर

आनंद आहे, पण आता खरं काम सुरू होतं. त्यांचं खातं ज्या ईमेलवर आहे तो ईमेलच मेलेला. म्हणजे पासवर्ड बदलायची लिंकही तिकडेच जाणार. रजिस्ट्रारला ओळखपत्र पाठवून ईमेल बदलून घ्यावा लागेल. आणि मालकाचा ईमेल बदलला की तो 'मालकबदल' धरला जातो. त्यानंतर ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. काही जण आधीच सांगितलं तर हे कुलूप लावत नाहीत, विचारून बघा. नसेल ऐकत तर तुम्हीच त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीचं खातं उघडा, एका खात्यातून दुसऱ्यात 'पुश' बहुतेक ठिकाणी होतं.

११ डिसेंबर विसरू नका. ईमेल हातात आला की पहिलं काम नूतनीकरण, सौदा नंतर.

आणि हात जोडून सांगते, नाव कंपनीच्या नावावर घ्या. तुमच्या नावावर नाही, अध्यक्षांच्या नाही, साइट बनवणाऱ्याच्या तर मुळीच नाही. माझ्या धंद्यातलेच लोक गिऱ्हाइकाचं नाव स्वतःच्या खात्यात ठेवतात आणि भांडण झालं की अडवून बसतात. मी निस्तरलेली निम्मी भांडणं हीच. ईमेलही असा ठेवा की माणूस बदलला तरी राहील.

आंबिया बहार · १२ ऑक्टोबर

खोके डॉट इनवर छापायला दिले. आता डॉट कॉमची घाई नाही, झोप लागते.

अवांतर: व्यनिमध्ये (खासगी निरोपात) दोघांनी विचारलं, दिल्लीच्या एका तरुणाने जिओहॉटस्टार डॉट कॉम आधीच घेऊन ठेवलं आणि गेल्या वर्षी रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तसं आपण मोठ्या कंपन्यांची नावं घेऊन ठेवावी का?

कलमबहाद्दर · १२ ऑक्टोबर

नको. मी वर जी तिसरी अट लिहिली, वाईट हेतू, ती अशा वेळी आयतीच सिद्ध होते. त्या तरुणाला खर्चही मिळाला नव्हता.

आंबिया बहार · २३ नोव्हेंबर

शेवटचं कळवतो. रजिस्ट्रारने दादांचं पॅन मागितलं, मग फोटो हातात धरून काढलेला मागितला, मग म्हणाले २०११ मधला पत्ता आणि पॅनवरचा जुळत नाही. सोळा दिवस गेले. ईमेल बदलला त्याच रात्री दादांनी पाच वर्षांचं नूतनीकरण केलं, पैसे आम्ही दिले. ६० दिवसांचं कुलूप लागलंच, म्हणून त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीचं खातं उघडलं.

एस्क्रो नाही वापरला. पंधरा हजारांसाठी त्याची फी आणि डॉलरची भानगड परवडली नसती, आणि माणूस घरचा. इसार म्हणून पाच हजारांचा चेक, साध्या कागदावर दोन ओळींचा करार, नाव आमच्या खात्यात दिसलं की उरलेले दहा. परवा पुश झाला. डॉट कॉम उघडलं की आता डॉट इनवर जातं. पोळ्याचं पान लावलंय, गावातले म्हातारे पोरांच्या फोनवर ते बघतात आणि बैलांची नावं सांगतात.

आंबियाची तोड जोरात आहे. पहिल्या खेपेत क्यूआर मारून आलेली गिऱ्हाइकं बरीच, पत्ता टाइप करून आलेला मला तरी एकही सापडला नाही. मोहफूल ताई, बरोबर होतात तुम्ही.

लोणारची खारी · २३ नोव्हेंबर

अभिनंदन! ट्रान्सफर लॉक चालू ठेवा, ऑटो रिन्यू चालू ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

आंबिया बहार · २३ नोव्हेंबर

अध्यक्षांच्या. ते दिवसभर बागेत असतात, तिथे रेंज नाही. साइटमध्ये काही बदलायचं असलं की एक पोरगा गाडी घेऊन त्यांना रोडपर्यंत आणतो.

धुऱ्यावरची बाभूळ · २४ नोव्हेंबर

पेट्रोल कोन देते पन, कंपनी का पोट्टा?